लांबच्या समुद्रसफरीसाठी टिकाऊ शिधा कसा भरायचा: हिशोबापासून लॉकरपर्यंत

माझ्या पहिल्या लांबच्या सफरीत अठराव्या दिवशी चणे म्हणून जो डबा उघडला त्यातून पाकातले पीच निघाले. दुसरा उघडला, परत पीच. कढईत कांदा-टोमॅटो परतून तयार, बोट एका अंगावर कललेली, मी पाठ ओट्याला रेटून कसाबसा उभा आणि हातात पीच. झालं असं होतं की बिल्जमध्ये, म्हणजे बोटीच्या तळाच्या खोलगट भागात, पाणी साचून सगळ्या डब्यांची कागदी लेबलं सुटली होती आणि त्या कागदाचा लगदा बिल्ज पंपात जाऊन पंपही बसला होता, तो वेगळाच ताप. त्या रात्री आम्ही चौघांनी टोमॅटो-भात खाल्ला आणि वर पीच.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय. बोटीवर सामान सहसा कमी पडत नाही. ते सादळतं, किडतं, वेळेला सापडत नाही, नाहीतर कुणाला खावंसं वाटत नाही. म्हणून खाली किती भरायचं याच्याइतकंच कसं भरायचं यावर लिहिलंय.

१. आधी दिवस मोजा, मग किलो

नकाशावरचं अंतर घ्या आणि बोटीचा खरा सरासरी वेग धरा, विकणाऱ्याने सांगितलेला नाही. साधारण ३५-४० फुटी शिडाची बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी चालली तर दिवसाला १२० सागरी मैल होतात. पॅसिफिकमधल्या गॅलापागोसहून मार्केसास बेटं साधारण ३००० सागरी मैल, म्हणजे २५ दिवस. आता याला दीडने गुणा, ३८ दिवस झाले. दीडपट कशाला, तर वारा आठवडाभर पडू शकतो, शीड फाटू शकतं, डोलकाठी मोडली तर अर्ध्या वेगाने रखडत जावं लागतं. आणि पोचल्यावर तिथलं दुकान भरलेलं असेलच असं नाही, छोट्या बेटांवर सगळा माल बोटीने येतो आणि ती बोट तुम्हाला विचारून येत नाही.

२. घरी दोन आठवडे वही ठेवा

ही पायरी सगळे गाळतात आणि इथेच घोळ होतो. सफरीच्या दोन-तीन महिने आधी १४ दिवस घरात जे काय शिजतं, खाल्लं जातं ते वजनासकट लिहून काढा, चहाची साखर, येता-जाता तोंडात टाकलेले दाणे, सगळं. समुद्रावर माणूस बदलत नाही हो, घरी ओट्स न खाणारा माणूस वादळात तर नक्कीच ओट्स खाणार नाही. आम्ही पाच किलो ओट्स नेले होते, पौष्टिक म्हणून. पाच किलो परत आणले.

वही नसेल तर सुरुवातीला माझा ठोकताळा घ्या, माणशी दररोज: तांदूळ, पास्ता, पीठ असं कोरडं धान्य ३५० ग्रॅम, डाळी-कडधान्य १०० ग्रॅम, तेल किंवा तूप ५० ग्रॅम. यातून ढोबळ २००० कॅलरी निघतात. वर दूध पावडर, साखर, सुकामेवा, पीनट बटर, बिस्किटं मिळून आणखी ५००-६०० धरा. थंड प्रदेशात जाणार असाल तर याहून जास्त लागतं, अंगावर सतत वारा असला की भूक सणकून लागते. चार माणसं आणि ३८ दिवस म्हणजे धान्यच ५३ किलो, डाळी १५ किलो, तेल साडेसात किलो. आकडा बघून घाबरायला होतं पण हे सगळं खरंच संपतं.

तेलाकडे दुर्लक्ष करू नका. १०० ग्रॅम तेलात ९०० च्या आसपास कॅलरी, तेवढ्याच तांदळात ३६०. जागा कमी असेल तर तेल, दाणे आणि पीनट बटर हीच खरी तिजोरी. फक्त उकाड्यात दाणे आणि अक्रोड लवकर खवट होतात, तेव्हा ते छोट्या पाकिटांत घ्या आणि आधी संपवा.

३. पाणी

प्यायला आणि स्वयंपाकाला माणशी ३ लिटर रोज, उष्ण भागात ४. चौघांना ३८ दिवस, ३ लिटरने ४५६ लिटर. "आमच्याकडे वॉटरमेकर आहे", म्हणजे समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन, हे वाक्य मी बऱ्याच जणांकडून ऐकलंय. पाणी पडद्यातून ढकलायला त्याला ५५ बारच्या आसपास दाब लागतो, म्हणजे पंप, वीज, फिल्टर, सील, यातलं एक गेलं की मशीन शोभेचं. म्हणून निदान पलीकडे पोचण्यापुरतं पाणी टाक्यांत असलंच पाहिजे, आणि टाक्या किमान दोन, एकमेकींशी न जोडलेल्या. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन १९६८-६९ मध्ये सुहैली बोटीतून कुठेही न थांबता ३१२ दिवसांत एकटे जगाला फेरी मारून आले, त्यांच्या टाक्यांमधलं पाणी सुरुवातीच्या महिन्यांतच खराब झालं होतं आणि पुढे बराचसा भार पावसाच्या पाण्यावर पडला. त्यामुळे पाऊस धरायला ताडपत्री आणि नळी ठेवाच. पहिली पाच मिनिटं पाणी वाहून जाऊ द्या, शिडावरचं मीठ धुतलं जातं.

टाकीतल्या पाण्याचा भरवसा नसेल तर साधं, बिनवासाचं ६ टक्क्यांचं ब्लीच लिटरला २ थेंब, ढवळून अर्धा तास थांबायचं.

आणि हो, समुद्राच्या पाण्यात पास्ता किंवा बटाटे उकडता येतात, पण नुसत्या नाही. लिटरला ३५ ग्रॅम मीठ असतं त्यात. एक भाग समुद्राचं आणि तीन भाग गोडं घेतलं की बरोबर पास्त्याच्या पाण्याइतकं खारट होतं. भाताला हे प्रमाण चालत नाही कारण भात सगळं पाणी पितो, अगदी थोडंसंच घाला. बंदराजवळचं किंवा किनाऱ्यालगतचं पाणी मात्र कधीच नाही.

४. काय टिकतं आणि काय टिकल्यासारखं वाटतं

पांढरा तांदूळ, पास्ता, डाळी, साखर, मीठ, मध हे कोरडं राहिलं तर वर्ष सहज काढतं. हातसडीचा तांदूळ आणि पूर्ण गव्हाचं पीठ लवकर खवट होतं, कोंड्यातलं तेल बिघडतं म्हणून, तेव्हा ते दोन-तीन महिन्यांपुरतंच. दूध पावडर, यूएचटी, म्हणजे खूप तापवून बंद केलेल्या दुधाचे छोटे खोके (मोठा खोका फ्रिजशिवाय उघडला की त्या दिवशीच संपवायला लागतो), मेण लावलेलं कडक चीज, तूप. टिनमध्ये मासे, टोमॅटो, चणे, मका, फळं.

डब्यांची पारख उचलतानाच करा. फुगलेला, गळणारा, किंवा कडेच्या शिवणीवर खोल पोचा पडलेला डबा नको. उघडताना फसकन फवारा उडाला तर चाखूनसुद्धा बघायचं नाही, सरळ टाकायचा. बॉट्युलिझम ही जीवघेणी विषबाधा, तिचं विष वास-चवीवरून ओळखता येत नाही.

याच्याशीच जोडलेला एक मोठा गैरसमज आहे. व्हॅक्यूम पॅक केलं म्हणजे शिजवलेलं अन्न बाहेर टिकतं असं नाही! उलट बॉट्युलिझमच्या जंतूंना हवा नसलेली जागाच आवडते. व्हॅक्यूम पिशवी कोरड्या सामानासाठी, किंवा फ्रिज-फ्रीझरमध्ये जाणाऱ्यासाठी. घरी मटण, भाज्या, डाळी बरणीत बंद करून न्यायच्या असतील तर बरणी बंद करण्यासाठीच बनवलेला प्रेशर कॅनर लागतो आणि तपासलेली रेसिपी, कारण त्या जंतूंचे बीजाणू मरायला १२१ अंशांच्या आसपास तापमान लागतं आणि उघड्या पातेल्यातलं पाणी १०० च्या वर जात नाही. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवणं हाही तसाच धोका.

गॅस वाचवायला प्रेशर कुकरसारखं दुसरं भांडं नाही, झाकण घट्ट बसतं त्यामुळे बोट आपटली तरी वरण जमिनीवर येत नाही हा बोनस. काही जण थर्मासमध्ये कडधान्य शिजवतात. चांगली युक्ती आहे, पण राजमा असेल तर आधी पाच तास भिजवून, ते पाणी टाकून, ताज्या पाण्यात निदान १० मिनिटं खळखळून उकळाच. कच्च्या राजम्यात एक विषारी घटक असतो, तो उकळीने जातो, नुसत्या कोमट उष्णतेने जात नाही, आणि मग चौघेही एकाच बादलीपाशी रांगेत.

५. ताजं सामान

माझा सगळ्यात जीव इथे गुंततो. तिसऱ्या आठवड्यात कुरकुरीत काहीतरी दाताखाली येणं याची किंमत जमिनीवरच्या माणसाला कळणार नाही.

अंडी घेताना एकच प्रश्न विचारायचा: धुतलीयेत का, आणि फ्रिजमध्ये होती का? धुतली की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि मग ती फ्रिजशिवाय टिकत नाहीत, एकदा थंड केलेली बाहेर काढली की कवचाला घाम फुटतो, तीच गोष्ट. न धुतलेली, कधीच थंड न केलेली ताजी अंडी कपड्याने पुसून, बोटांवर व्हॅसलीन घेऊन प्रत्येकाला पातळ हात फिरवायचा. सहा डझन अंड्यांना तासभर जातो आणि हात असे गुळगुळीत होतात की शेवटचं अंडं हमखास निसटतं. मग एक दिवसाआड अख्खा ट्रे उलटा करायचा, म्हणजे बलक एका बाजूला चिकटत नाही. माझी अशी पाच आठवडे गेलीत. वापरताना पाण्यात टाकून बघा, तरंगलं तर ते जुनं. पण ही परीक्षा वय सांगते, सुरक्षितपणा नाही, म्हणून प्रत्येक अंडं आधी वेगळ्या वाटीत फोडायचं, एक नासकं अंडं अख्ख्या ऑम्लेटची माती करतं. आणि पूर्ण शिजवूनच खायचं.

कोबी कापू नका, बाहेरून एकेक पान सोलत जा. कापला की कडा काळ्या पडून सडायला लागतात, सोलला तर घट्ट गड्डा महिनाभर साथ देतो. वर्तमानपत्रात गुंडाळा, कागद ओला झाला की बदला.

कांदे आणि बटाटे शेजारी नकोत, दोन्ही लवकर कोंब धरतात. बटाट्याला अंधार हवा, उजेडात तो हिरवा पडतो आणि हिरव्या भागात सोलानीन हे विष तयार होतं. कांद्याला वारा हवा, जाळीत टांगा, पण जाळी भिंतीला घासणार नाही अशी, नाहीतर चार दिवसांत कांद्यांचा चेंदामेंदा. लाल भोपळा अख्खा असेपर्यंत महिन्याच्या वर राहतो. गाजरं, रताळी, आलं, लसूण सगळी गुणी मंडळी. टोमॅटो वेगवेगळ्या पिकावर घ्या, चार लाल, चार गुलाबी, उरलेले कच्चे हिरवे. केळी आणि सफरचंदं इतरांपासून लांब, त्यांच्यातून निघणाऱ्या इथिलीन वायूने बाकीचं सगळं भराभर पिकतं. केळ्यांचा अख्खा घड घेऊ नका, सगळी एकाच दिवशी पिकतात, आणि त्या दिवशी मग केळीच केळी.

रोज सकाळी पाच मिनिटं सगळं हाताने चाचपायचं. मऊ लागलं ते त्याच दिवशी पातेल्यात.

६. क जीवनसत्त्व

शरीराला ते अजिबात मिळालं नाही तर एक ते तीन महिन्यांत स्कर्व्ही दिसायला लागतो. १७४७ मध्ये जेम्स लिंडने सॅलिसबरी जहाजावर १२ आजारी खलाशांच्या जोड्या करून प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला, संत्री-लिंबं मिळालेले दोघे आठवड्याभरात सुधारले, तरी ब्रिटिश नौदलाने लिंबाचा रस लागू करायला १७९५ उजाडलं. आपल्याला एवढं थांबायची गरज नाही, गोळ्यांची एक बाटली ठेवा, वजन काहीच नाही. लिंबं फॉइलमध्ये एकेक गुंडाळली तर सुकत नाहीत. आणि मोड आणा. अख्खे मूग १२ तास भिजवून बरणीच्या तोंडाला जाळीचं कापड बांधायचं, दिवसातून दोनदा गोड्या पाण्याने खळबळायचं, दोन-तीन दिवसांत ताजी भाजी तयार. खळबळलेलं पाणी फेकू नका, डाळीत जातं.

७. जेटीवरचं काम

पुठ्ठा बोटीवर चढवायचा नाही. एकही खोका नाही. पुठ्ठ्याच्या नळ्यांमध्ये झुरळांची अंडी येतात आणि एकदा झुरळं लाकडी फटींत शिरली की सफर तुमची कमी आणि त्यांची जास्त. जेटीवरच सगळं उघडा, पुठ्ठा तिथेच टाका. फळं-भाज्या बादलीत बुडवून, झटकून, सावलीत पूर्ण सुकवून आत, केळ्यांच्या देठांकडे जास्त लक्ष.

तांदूळ, पीठ, डाळी आधी आठवडाभर उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये ठेवा, पोरकिड्यांची अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही, खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची, नाहीतर हवेतली वाफ धान्यावर धरते आणि तुम्हीच ओल आत कोंडता. मग १-१ किलोच्या पाकिटांत भरून, जमल्यास ऑक्सिजन शोषणारी पुडी टाकून, ती पाकिटं रबरी कडा असलेल्या डब्यात. छोटी पाकिटं अशासाठी की एक भिजलं तर एकच जातं.

टिनची लेबलं इथेच काढा. झाकणावर आणि बाजूला पक्क्या मार्करने काय आहे ते आणि मुदतीचा महिना-वर्ष लिहा, दोन्हीकडे, कारण लॉकरमध्ये डबा कसा बसेल सांगता येत नाही. वरून पातळ व्हार्निशचा हात मारला तर गंजही लांबतो. पीचवर तर मी आता मोठ्ठं पी काढतो.

८. कुठे ठेवायचं

जड सामान खाली आणि मध्यभागी. सगळं पुढच्या टोकाला कोंबलं तर बोट लाटेत नाक खुपसते. काचेच्या बरण्या जुन्या मोज्यांत घालून. प्रत्येक लॉकरला नंबर, आणि एका वहीत बोटीचा कच्चा नकाशा काढून कुठल्या नंबरात काय आणि किती. डबा काढला की खूण. फोनमध्ये यादी ठेवायला हरकत नाही पण वही असूच दे, खारट दमट हवेत फोन आधी रुसतो. एकाच गोष्टीचे सगळे डबे एका लॉकरमध्ये नकोत, तो लॉकर भिजला तर सगळी डाळ गेली. मी आठवड्याचा एक क्रेट भरून हाताशी ठेवतो आणि रविवारी मोठ्या लॉकरमधून भरून घेतो.

९. पहिले तीन दिवस

पोटाला समुद्राची सवय झालेली नसते, खाली गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात, दोन मिनिटं उभं राहवत नाही. निघायच्या आदल्या दिवशी शिजवून थंड केलेलं, नुसतं गरम करून खाता येईल असं जेवण, तेही फ्रिज असेल तरच. फ्रिज नसेल तर उकडलेले बटाटे, कोरडी बिस्किटं, आल्याच्या वड्या. उरलेला भात उबदार जागी रात्रभर ठेवून सकाळी खाऊ नका, त्यात जंतूंचं जे विष तयार होतं ते परत गरम करूनही जात नाही. उलट्या सुरू झाल्या तर लिटरभर पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि चहाचा अर्धा चमचा मीठ, घोट घोट.

आणि निघताना कुणी प्रेमाने दिलेलं खाणं जरा बेतानेच. एकट्याने शिडाच्या बोटीतून जगाला पहिली फेरी मारणारा जोशुआ स्लोकम १८९५ मध्ये अटलांटिकमधल्या अझोर्स बेटांहून निघाला तेव्हा भेट मिळालेलं पांढरं चीज आणि प्लम यांवर त्याने ताव मारला आणि पोटात अशी कळ उठली की तो केबिनच्या जमिनीवर पडून राहिला, भ्रमात त्याला कोलंबसच्या पिंटा जहाजाचा वाटाड्या सुकाणू धरून उभा दिसला. नंतर त्याने उरलेले प्लम समुद्रात फेकले.

१०. मासे हिशोबात धरू नका

मिळाला तर सण, नाही मिळाला तर उपास नको. ट्यूना किंवा माहीमाही पकडल्यावर लगेच थंड केला नाही तर त्यात विषबाधा करणारं हिस्टामिन वाढतं आणि ते शिजवून जात नाही, म्हणून एका जेवणापुरता मासा ठेवा आणि लगेच शिजवा. उष्ण कटिबंधातल्या प्रवाळ खडकांजवळचे मोठे शिकारी मासे, बॅराकुडा वगैरे, यांत सिग्वाटेराचं विष असू शकतं, तेही शिजवून जात नाही आणि चवीला कळत नाही. तिथे काय खातात आणि काय सोडतात ते स्थानिक कोळ्यांना विचारायचं.

११. पोचायच्या आधी

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड अशा देशांत जैवसुरक्षा अधिकारी बोटीवर येऊन ताजी फळं, भाज्या, मांस, अंडी, मध उचलून नेतात. त्यामुळे शेवटच्या आठवड्याचा मेनू उलट बाजूने लावा, ताजं आणि जप्त होईल ते आधी संपवा, बंद डबे शेवटी. त्या देशाचे नियम निघण्यापूर्वीच वाचा, आणि लपवू तर अजिबात नका.

कचऱ्याचंही तसंच. जहाजांच्या प्रदूषणावरच्या मार्पोल या आंतरराष्ट्रीय कराराप्रमाणे प्लास्टिक समुद्रात कुठेच टाकता येत नाही, आणि छोट्या बेटावर कचऱ्याची सोय नसते, तेव्हा प्लास्टिक धुऊन, सुकवून, दाबून परत न्यायचं. जेटीवर जेवढं पॅकिंग काढलं तेवढं हे काम हलकं.

बेटावरच्या दुकानात गेलात तर साखर, पीठ, कांदे सगळेच्या सगळे उचलू नका, पुढचं मालवाहू जहाज कधी येतंय ते आधी विचारा. तुमच्याकडे अजून महिन्याचा साठा असतो, त्यांच्याकडे तेवढंच दुकान असतं. आणि नांगर टाकून झाल्यावर झोपायच्या आधी नाही, पण दुसऱ्या दिवशी तरी उरलेलं सगळं मोजून वहीत लिहा, पुढच्या टप्प्याचा हिशोब त्याच पानावरून सुरू होतो.